काटापट्टी बरोबर, बेरीज चूक

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सोयाबीन खरेदी केंद्रावर दोन दिवसांत जे घडलं, ते तपशिलात लिहून ठेवतो आहे. प्रोग्राम मीच लिहिलेला. विंडोजवर तो तीन हंगाम बिनतक्रार चालला. लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीवर नेला आणि लागोपाठ तीन ठिकाणी अडला. पहिल्या दोन अडचणी देशात कुठेही, कोणालाही येऊ शकतात. तिसरी मात्र मराठीसारख्या भाषेत संगणक वापरणाऱ्याच्याच वाट्याला येते, आणि इंग्रजीत चालणाऱ्या मशीनसमोर बसून शोधली तर ती कधीच सापडत नाही. माझं सगळं म्हणणं तिच्याबद्दल आहे. पण पहिल्या दोन सांगितल्याशिवाय ती तिथवर कशी पोचली ते कळणार नाही.

केंद्र म्हणजे एक गोदाम, समोर ताडपत्रीची सावली, एक टनी इलेक्ट्रॉनिक प्लेट काटा, ओलावा मोजायचं यंत्र आणि कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक नि प्रिंटर. शेतकऱ्याचे कट्टे उतरतात, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आहे का ते बघतात, मापारी माल काट्यावर घेतो, हमाल बारदान्यात भरतात. सरकारी पोर्टलवरची नोंद वेगळी होते. माझा प्रोग्राम केंद्राच्या स्वतःच्या हिशोबासाठी आहे. तो काट्यावरचं वजन सिरीयल केबलमधून उचलतो, भावाने गुणतो, काटापट्टी छापतो आणि संध्याकाळी रोजमेळ काढून देतो. पायथनमध्ये लिहिला आहे, खिडक्या पायसाइड६ म्हणजे क्यूटी या खिडक्या काढणाऱ्या साधनाच्या पायथन रूपातल्या आहेत, नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये राहतात. या तिन्ही गोष्टी विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालतात, म्हणूनच मी त्या निवडल्या होत्या.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. केंद्रावरच्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही आणि प्रोसेसर जुना, म्हणून विंडोज ११ त्यावर बसत नाही. हंगामाच्या तोंडावर नवा संगणक घ्यायला पैसा नव्हता. मी त्यावर लिनक्स मिंट २१.३ घातलं. बसवताना भाषा विचारतात, तिथे ऑपरेटर ताईने मराठी निवडायला सांगितलं. तिची कागदी खतावणी मराठीत, संचालक मंडळातले काका लोक मराठीच वाचणारे. मला ते मनापासून आवडलं आणि मी मराठी निवडली.

नोव्हेंबरच्या अखेरीस खरेदी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. "भाऊ, दोन खेपा क्लिक केलं. गोल गोल फिरते अन् थांबून जाते. उघडूनच नाही राह्यलं."

गाव दूर, मी कारंज्याला. अशा वेळी लोक सगळं काढून पुन्हा बसवायला सांगतात. मी ते टाळतो, कारण पुन्हा बसवल्याने चालू झालं तरी काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि नाही झालं तर अर्धा दिवस गेलेला असतो. आधी प्रोग्रामला बोलतं करायचं. विंडोजवर क्यूटीचा प्रोग्राम सुरू होताना पडला तर निदान एक चौकट येते. लिनक्सवर आयकॉनवरून उघडलेला प्रोग्राम आपली तक्रार अशा ठिकाणी लिहितो, जिथे कोणी बघत नाही. म्हणून ताईला टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडायला लावलं, त्यातून प्रोग्राम चालवायला सांगितला आणि जे दिसेल त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागितला.

फोटोत दोन ओळी महत्त्वाच्या होत्या. एक सांगत होती की एक्ससीबी नावाचं प्लगिन (क्यूटीला लिनक्सवर खिडकी काढून देणारा जोडभाग) सापडलं, पण लोड करता आलं नाही. या ओळीवर बरेच जण फसतात. प्लगिनच बिघडलं असं समजून क्यूटी काढतात, पुन्हा घालतात. प्लगिन जागेवरच असतं. त्याला लागणारी दुसरी एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, मशीनवर नसते. कोणती ते त्याच्याच वरच्या ओळीत होतं: क्यूटी ६.५.० पासून एक्ससीबी प्लगिनला लिबएक्ससीबी-कर्सर लागते. जुन्या आवृत्तीत अशी स्पष्ट ओळ येत नसे. तेव्हा क्यूटीचं प्लगिन-डीबग चालू करावं लागे किंवा प्लगिनच्या फाइलवर एलडीडी ही लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी आज्ञा चालवून "सापडली नाही" असं लिहिलेली ओळ शोधावी लागे. दोन्ही उपाय आजही उपयोगी आहेत, कारण प्रत्येक हरवलेल्या लायब्ररीसाठी अशी आयती ओळ मिळत नाही.

विंडोजवर हा प्रश्न का नव्हता? तिथे क्यूटी खिडकी काढायला वेगळं प्लगिन वापरतं आणि त्याला लागणारं सगळं विंडोजमध्येच असतं. लिनक्सवर पायसाइड६ आपल्याबरोबर क्यूटी आणतं, पण एक्ससीबीच्या कुटुंबातल्या लायब्ररी मशीनवर आहेत असं धरून चालतं. मग माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्समध्ये तो का चालला? तिथे पॅकेजांचा इतिहास काढून पाहिला. मी पूर्वी कधीतरी आय-थ्री नावाचा विंडो मॅनेजर घालून पाहिला होता, आणि त्याच्या मागोमाग ही लायब्ररी आली होती. माझी चाचणी खरी होती, पण ती माझ्या लॅपटॉपपुरतीच खरी होती.

उपाय एका आज्ञेचा. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून ताईने ती टंकली, मी फोनवर एकेक अक्षर सांगितलं. शेवटचं अक्षर शून्य आहे, ओ नाही, हे दोनदा सांगावं लागलं. काही किलोबाइटचं पॅकेज, गावातल्या नेटवरही लगेच उतरलं. खिडकी उघडली. फक्त वरच्या कोपऱ्यातला कंपनीचा लोगो गायब होता. फाइलचं नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होत होतं आणि कोडमध्ये ते लहान लिहिलेलं. विंडोजला दोन्ही सारखीच वाटतात, लिनक्सला नाही. ते मी रात्री दुरुस्त केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदी सुरू झाली आणि नऊच्या सुमारास पुन्हा फोन. प्रोग्राम चालू आहे, पण काटा दिसत नाही. पोर्टची यादी रिकामी. बाहेर ट्रॅक्टर लागलेले, लोक सकाळपासून आलेले. ताईने थांबायचं नाही असं ठरवलं. काट्याच्या डिस्प्लेवर वजन बघायचं आणि प्रोग्राममध्ये हाताने टाकायचं, ती सोय मी ठेवलेलीच होती. काटापट्ट्या छापून निघू लागल्या. मी गाडी काढली आणि बाराच्या आत पोचलो.

काट्याची सिरीयल वायर एका कन्व्हर्टरने यूएसबीला जोडलेली आहे. त्यात सीएच३४० ही चिप. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये बहुतेक वेळा हीच असते. विंडोजवर हा पोर्ट कॉम३ म्हणून दिसायचा. लिनक्सवर तो टीटीवाययूएसबी० म्हणून दिसायला हवा. वापरायला युजर डायलआउट गटात लागतो, ते मी बसवतानाच केलं होतं. वायर काढून पुन्हा लावली आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी, पाहिल्या. कर्नलने चिप ओळखली, पोर्ट जोडला, आणि लगेच खाली तोच पोर्ट सोडल्याची नोंद. मधल्या ओळीत नाव होतं: बीआरएलटीटीवाय.

हा प्रोग्राम अंध व्यक्तींच्या ब्रेल डिस्प्लेसाठी आहे. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीत तो आधीच घातलेला असतो आणि मिंट २१.३ त्याच पायावर उभं आहे. काही ब्रेल उपकरणांतही हीच चिप आणि तोच यूएसबी ओळख-क्रमांक असतो. त्यामुळे त्याच्या नियमांच्या फाइलमध्ये तो क्रमांक आहे, आणि तो दिसला की बीआरएलटीटीवाय ब्रेल डिस्प्ले आला असं समजून पोर्ट ताब्यात घेतो. आमचा काटा त्याला ब्रेल डिस्प्ले वाटत होता.

यावरचा सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे ते पॅकेजच काढून टाकणं. ते मला पटत नाही. या मशीनवर आज कोणी ब्रेल वापरत नाही, पण उद्या अशाच मशीनसमोर एखादी अंध मुलगी कामाला बसू शकते, आणि तिचं उपकरण का चालत नाही हे तिला कोणीच सांगू शकणार नाही. नियमांच्या फाइलमध्ये त्या एका क्रमांकाची ओळ बंद केली की काम होतं. तेवढंच केलं, फाइलमध्ये तारीख आणि कारण लिहिलं, वायर पुन्हा लावली. पोर्ट आला आणि टिकला. काट्यावर मापाऱ्याने पाय ठेवला, पडद्यावर आकडा हलला. पुढची सगळी वजनं थेट काट्यावरून आली.

संध्याकाळी साडेसहाला ताईने रोजमेळ काढला. मी चहा पीत होतो. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "भाऊ, सोयाबीनले साडेसात हजार भाव कधीपासून भेटून राह्यला?"

रोजमेळात शेवटी तीन आकडे येतात: एकूण वजन, एकूण रक्कम आणि सरासरी भाव. त्या दिवशी सगळा माल हमीभावाने, म्हणजे ५,३२८ रुपये क्विंटलने घेतलेला. सरासरीही तेवढीच यायला हवी. पडद्यावर होती ७,४९६ रुपये ५६ पैसे. एकूण रक्कम ६,३०,८३५ रुपये २० पैसे, ती बरोबर. वजन ८४.१५ क्विंटल, ते चूक. ताईच्या खतावणीत ११८.४० होतं. ती प्रत्येक काटापट्टी कागदावरही उतरवत होती, म्हणून हे लगेच कळलं. मी सरासरी भावाचा रकाना सहज म्हणून घातला होता. तो नसता आणि खतावणी नसती, तर ३४.२५ क्विंटल सोयाबीन हिशोबातून गायब झालं असतं आणि गोदामाचा साठा मोजेपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. लागला असता तेव्हा संशय मापाऱ्यावर, हमालांवर किंवा ताईवर गेला असता. हे मनात आलं आणि मी चहा बाजूला ठेवला.

काटापट्ट्या एकेक तपासल्या. एकूण २३. प्रत्येकीवरचं वजन बरोबर, रक्कमही बरोबर. चूक फक्त बेरजेत. मग ताईनेच सकाळच्या सात पट्ट्या वेगळ्या काढल्या: ४.८०, ६.२५, ३.१०, ५.४०, ७.१५, २.८५, ४.७०. बेरीज नेमकी ३४.२५. हाताने टाकलेली सगळी वजनं बेरजेत शून्य धरली गेली होती, काट्यावरून आलेली सगळी मोजली गेली होती.

एसक्यूलाइटमध्ये टाइपऑफ नावाचं फंक्शन आहे, रकान्यातली किंमत कोणत्या प्रकारची साठली आहे ते सांगतं. ते चालवलं. सोळा ओळींत दशांश संख्या, सात ओळींत मजकूर. त्या सात ओळी उघडल्या आणि उत्तर समोर होतं. डेटाबेसमध्ये इंग्रजी आकड्यांत 4.80 नव्हतं, तिथे मराठी आकड्यांत "४.८००" असं लिहिलं होतं.

काय झालं ते सांगतो. क्यूटीची आकड्याची चौकट मशीनच्या भाषेप्रमाणे आकडे दाखवते. कोणत्या भाषेत कोणते आकडे, हे ती युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातून घेते. त्यात मराठीसाठी मूळ आकडे देवनागरी आहेत. लिपी तीच असूनही हिंदीसाठी मूळ आकडे इंग्रजी आहेत, म्हणजे ताईने हिंदी निवडली असती तर ही चूक तशीच दडून राहिली असती. विंडोजचं मशीन इंग्रजी (भारत) वर होतं, तिथेही ती दिसली नाही. केंद्रावरचं लिनक्स मात्र खरोखर मराठी होतं, म्हणून चौकटीत ४.८०० मराठीत उमटलं.

ते उमटणं योग्यच होतं. चूक माझ्या कोडमध्ये होती. हाताने टाकलेलं वजन साठवताना मी चौकटीची किंमत न घेता तिच्यात दिसणारा मजकूर घेत होतो. काट्यावरून आलेलं वजन संख्या म्हणून थेट जात होतं. इंग्रजी मशीनवर फरक पडत नव्हता, कारण एसक्यूलाइट दशांशाच्या रकान्यात आलेला "4.800" असा मजकूर गुपचूप संख्येत बदलून घेतं. देवनागरी आकडे त्याला आकडे वाटतच नाहीत. मग ते तक्रार न करता मजकूर म्हणून ठेवून देतं, आणि बेरीज करताना जो मजकूर संख्येसारखा दिसत नाही तो शून्य धरतं.

मग रक्कम बरोबर कशी आली? या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त वेळ अडवलं. रक्कम पायथनमध्ये निघते, आणि पायथनला देवनागरी आकडे कळतात. "४.८००" हा मजकूर दिला तरी तो त्याची संख्या करतो, युनिकोडमधले कुठल्याही लिपीचे दशमान आकडे त्याला चालतात. म्हणून गुणाकार बरोबर, काटापट्टी बरोबर, शेतकऱ्याच्या हातात गेलेला कागद बरोबर. एकाच प्रोग्रामच्या दोन भागांपैकी एकाला मराठी वाचता येत होतं, दुसऱ्याला नाही, आणि दोघांनीही तसं बोलून दाखवलं नाही.

केंद्रावर हिशोब बघणारे काका म्हणाले, मशीन इंग्रजी करून टाक, मोकळा हो. खरंच पाच मिनिटांचं काम होतं. प्रोग्रामच्या सुरुवातीला एक ओळ घालून फक्त क्यूटीला इंग्रजी आकडे वापरायला सांगणं त्याहून सोपं. मी दोन्ही केलं नाही. ताई खतावणीत ५ लिहिते तो मराठी ५ असतो. पडद्यावरचा आकडा आणि वहीतला आकडा एकाच वळणाचा असला की नजर न अडखळता ताडून बघते, आणि आजची चूक तिने तशीच पकडली होती. ज्या माणसाने चूक धरली त्याच्याच डोळ्यांसमोरचे आकडे बदलायचे, हे मला उलटं वाटतं. शिवाय मशीन इंग्रजी केल्याने चूक मिटली नसती. पुढच्या मराठी मशीनची वाट बघत ती बसली असती.

दुरुस्ती मुळात केली. चौकटीतला मजकूर घेणं बंद, तिची संख्यारूप किंमत घेणं सुरू. मराठी आकडे दाखवायला आणि छापायला, साठवायला फक्त संख्या. हाच घोळ भाव आणि ओलाव्याच्या चौकटींतही निघाला. त्या दिवशी भाव कोणी बदलला नव्हता म्हणून तो लपला होता. मग डेटाबेसची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवली आणि त्या सात ओळी पायथनमधून वाचून संख्या म्हणून परत लिहिल्या. आणखी एक गोष्ट केली, जी मी तीन वर्षांपूर्वीच करायला हवी होती. एसक्यूलाइटच्या ३.३७ आवृत्तीपासून तक्ता स्ट्रिक्ट करता येतो. मग संख्येच्या रकान्यात संख्या न होणारा मजकूर आला की नोंदच नाकारली जाते आणि प्रोग्राम तिथल्या तिथे ओरडतो. मिंट २१.३ मध्ये ३.३७ आहेच. नवा तक्ता स्ट्रिक्ट केला, जुन्या नोंदी त्यात ओतल्या, एकही अडकली नाही. नाकारलेली नोंद ऑपरेटरला दिसावी म्हणून मराठीत चौकट घातली: "वजन साठवलं गेलं नाही, पावती देऊ नका."

तसंच प्रोग्राम सुरू होताना काही पडलं तर ते घरच्या फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये लिहायची सोय केली, म्हणजे पुढच्या वेळी टर्मिनल उघडायला लावायला नको. बसवायच्या यादीत एक्ससीबी-कर्सर लायब्ररी घातली. आणि माझा लॅपटॉप त्या रात्रीपासून मराठीवर ठेवला आहे. केंद्राच्या मशीनसारखं दुसरं कोरं मिंटही एका जुन्या डिस्कवर ठेवलं आहे, ज्यात मी स्वतःच्या आवडीचं काही घालत नाही.

साडेआठला रोजमेळ पुन्हा काढला. वजन ११८.४०, सरासरी ५,३२८. ताईने खतावणीतली बेरीज बोटाने वरून खाली आणत एकदा मोजली, पडद्यावरच्या मराठी आकड्यांशी ताडून पाहिली आणि रोजमेळावर सही केली. हमाल केव्हाच गेले होते. गोदामाचं शटर ओढताना तिने विचारलं, तुरीच्या वेळी हेच चालेल ना. मी सांगितलं, तुरीच्या आधी येऊन एक दिवस मुद्दाम काट्याची वायर काढून ठेवीन आणि सगळी वजनं हातानेच टाकून पाहू.